म्हशीचं गाऱ्हाणं

आमच्या वहिनीला गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाचाही उलट समज होईल. सात माणसं बसतील अशा त्या थोराड काळ्या डिझेल गाडीचा एक नट असा नव्हता, की जो वहिनीच्या हाताखालून गेला नव्हता. पंख्याचा पट्टा ती बदलायची, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी ती काढायची, ब्रेकचे पॅड किती झिजलेत ते चाक काढून तीच बघायची. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र बसायची ती चावी फिरवून इंजिनाचा आवाज ऐकण्यापुरती. आवाज मनासारखा आला, की साडी सावरत खाली उतरायची.

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तिला एकदा आरे कॉलनीच्या रस्त्यावर शिकवायला नेलं होतं. पहिल्याच वळणावर तिने गाडी तबेल्याशेजारच्या गवतात घातली आणि शांतपणे हँडब्रेक ओढला. परत येऊन म्हणाली, ‘‘नको माका. दोघांनीय चलवली तर बिघडल्यावर खाली वाकतला कोण?’’ तो विषय तिथेच संपला.

ती जे शिकली ते टॉर्च धरून शिकली. दादा एका औषध कंपनीत मेंटेनन्सला होता आणि आमचे आजोबा गिरणीत फिटर. त्यामुळे गाडी गॅरेजात देणं त्याला घराण्याला बट्टा लावल्यासारखं वाटे. ‘‘आपल्या म्हशीचा दूध दुसऱ्याक काढूक देशात काय?’’ असं तो विचारायचा. त्यावरूनच गाडीचं नाव म्हस पडलं. मालाड पूर्वेला त्यांच्या सोसायटीच्या आवारात, चिंचेखाली म्हस उभी असायची. रविवारी दादा तिच्या पोटाखाली आडवा आणि वहिनी शेजारी उकिडवी, हातात टॉर्च. अशी कितीतरी वर्षं गेली. एकदा मी गमतीने म्हणालो, ‘‘वहिनी, तुझं काम बरंय, नुसता दिवा धरायचा.’’ ती म्हणाली, ‘‘भावजी, काम करणाऱ्याक एक नट दिसता. दिवो धरणाऱ्याक सगळा दिसता.’’ मी ऑफिसातला माणूस, टायरमध्ये हवा भरतानाही दुसऱ्याला सांगणारा. 

तिच्या नखांतला काळा रंग कधी जायचा नाही. सोसायटीत हळदीकुंकवाला गेली की बायका एकमेकींना खुणावत. वहिनीला ते कळायचं. ‘‘हळद लागली काय ढाकता,’’ म्हणायची आणि दोन्ही हात पुढे करायची.

खोललेले नट ठेवायची तिची एक रीत होती. स्टीलचं एक जुनं ताट खाली आणायची आणि पान वाढावं तसं ते मांडायची. पहिला निघालेला बोल्ट मिठाच्या जागी, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर अशा क्रमाने डावीकडे. मोठे नट भाजीच्या बाजूला. मधे भाताच्या जागी जो भाग खोलला असेल तो. परत बसवताना उलट क्रमाने पान उचलायचं. दादा गाडीखालून हात बाहेर काढून म्हणायचा, ‘‘चटणी दे.’’ वहिनी बरोबर तोच वॉशर देई. एकदा पितृपक्षात हे ताट चिंचेखाली उघडं राहिलं आणि कावळ्याने येऊन लिंबाच्या जागचा चकचकीत वॉशर उचलला. वॉचमन रामसेवक हातातली काठी घेऊन मागे धावला. दादा गाडीखालूनच म्हणाला, ‘‘मारू नको रे. आमचो आजो असतलो. फिटर होतो, जीव रमना नाय तेचो.’’ वहिनी इतकी हसली की टॉर्च हातातून पडला.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. आमच्याकडे कोकणात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवापुढे अडचण मांडायची, साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावात हे गणपतीपुढे होतं, जत्रेत होतं. दादा ते मालाडला बॉनेट उघडण्याआधी करायचा. डोक्यावर रुमाल टाकून, हात जोडून, खणखणीत आवाजात:

‘‘बा देवा रवळनाथा म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आज ह्या तुझ्या लेकरान ह्या म्हशीचा पोट उघडल्यान हा, ता तिच्या बऱ्यासाठी उघडल्यान हा रे म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘खयचो नट सुटलो, खयचो बोल्ट हरवलो, जा काय चुकला माकला, ता पायाखाली घाल आणि तिका सुखरूप गावाक ने रे म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

एकट्याचं गाऱ्हाणं देव ऐकत नाही असं त्याचं मत होतं. म्हणून आवारात जो असेल त्याला उभं राहावं लागे. दूधवाला, इस्त्रीवाला, दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका, सगळे. रामसेवक मूळचा उत्तर प्रदेशातला, पण त्याची ड्युटीच तिथे असल्याने त्याच्याइतका सराव कुणाचा नव्हता. सगळ्यांत मोठा आवाज मात्र वहिनीचा. ती मनापासून म्हणायची.

हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळं होतं आणि मी नेतही असे. माझ्या ऑफिसातले मित्र एकदा घरी आले होते, तेव्हा मी दादाला म्हटलं, ‘‘दादा, यांना जरा ते गाडीचं गाऱ्हाणं म्हणून दाखव ना. झकास आहे.’’ त्याने चहाचा कप खाली ठेवला. ‘‘गाडयेक काय झालाहा?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही रे, असंच.’’ तो म्हणाला, ‘‘मग देवाक काय सांगू? खोटा गाऱ्हाणा घालू नये.’’ मित्रांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. हे मी विसरून गेलो होतो. पुढे आठवावं लागलं.

दादाला झटका आला तेव्हा तो नुकताच निवृत्त झाला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समोरचं सगळं कळे, डोळे भरून येत, पण तोंडातून शब्द म्हणून काही बाहेर पडेना. दिवसभर मोठ्याने बोलणारा माणूस तो. वाचा शिकवायला एक मुलगी घरी यायची, कप, चमचा, घड्याळ अशी चित्रं दाखवायची. दादा चित्राकडे बघायचा आणि मान फिरवायचा. आरत्या म्हणून बघा, पाठ असलेलं कधी कधी येतं, असं तिने सांगितलं. वहिनीने रोज संध्याकाळी आरत्या म्हटल्या. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राही. वहिनी माझ्याशी फोनवर बोलताना एकच म्हणायची, ‘‘काय व्हया ता तरी सांगूक येवक व्हया होता, भावजी. शिवी घातली तरी चलात.’’

मग एका सकाळी तिने दादाला चाकाच्या खुर्चीतून उन्हाला खाली आणलं. म्हस बरेच दिवस बंद होती आणि बॅटरी बसली होती. वहिनीने ताट आणलं, पाना आणला आणि दादाची खुर्ची गाडीच्या नाकासमोर लावून एकटीनेच बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. हात घालण्याआधी सवयीने तिच्या तोंडून पुटपुटल्यासारखं निघून गेलं, ‘‘बा देवा रवळनाथा म्हाराजा...’’

मागून आवाज आला, ‘‘व्हय म्हाराजा.’’

जड, ओढलेला, पण स्वच्छ. वहिनीने वळून पाहिलं नाही. वळलं तर ते जाईल अशी भीती वाटली, असं तिने मला नंतर सांगितलं. बॉनेटमध्ये डोकं घालून ती तशीच पुढचं वाक्य म्हणाली, आणि त्याच्या पुढचं. बायका आमच्यात गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने घातलं, शेवटपर्यंत, आणि दादा प्रत्येक वाक्याला व्हय म्हणाला. रामसेवक मला सांगत होता, ‘‘भाभी रोत पण होती आणि बॅटरी पण साफ करत होती.’’

डॉक्टरांनी तिला समजावलं. हे शब्द खोल रुजलेले असतात, आपोआप येतात, त्यावरून वाचा परत येईल असं धरून चालू नका. वहिनी म्हणाली, ‘‘बॅटरी बसलेली गाडी पण आधी ढकलूनच चालू करतात, डॉक्टर.’’

त्यानंतर म्हस वरचेवर बिघडू लागली. मी मुलुंडला राहतो. वहिनीला चालवता येत नाही, म्हणून दुरुस्ती झाल्यावर गाडी आरेतून फिरवून आणायला रविवारी मला बोलावणं येई. कधी पाणी गळायचं, कधी हॉर्न बंद, कधी काच खालीच राहिलेली, कधी एअर फिल्टरचं झाकण सैल. मी गेलो की खाली गाऱ्हाणं चाललेलं असे. दादा खुर्चीत ताठ बसलेला, डोळ्यांत जीव आलेला. त्याच्या मांडीवर ते ताट. वहिनी त्याच्यापुढे हात करून म्हणायची, ‘‘चटणी देवा,’’ आणि त्याचा डावा हात ताटावर फिरून नेमक्या वॉशरवर थांबायचा. मग मी त्याला पुढच्या सीटवर बसवायचो आणि तबेल्यांवरून, पाड्यांवरून आम्ही एक चक्कर मारून यायचो. वहिनी मागे बसून इंजिन ऐकायची.

पण माझाही जीव कातावला होता. रविवार म्हणजे मला एकच सुट्टी. एकदा मी सरळ म्हणालो, ‘‘वहिनी, विकून टाक ही गाडी. दर आठवड्याला काही ना काही. वाट लागली आहे हिची.’’

‘‘म्हातारी झाली ना,’’ वहिनी म्हणाली. ‘‘म्हातारपणात चलताच असा.’’

पुढच्या रविवारी रस्ता मोकळा मिळाला आणि मी बराच लवकर पोचलो. दादा अजून वर होता. बॉनेट उघडं होतं आणि वहिनी रेडिएटरच्या नळीवर वाकली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. नळी आवळून धरणारी एक क्लिप असते, तिचा स्क्रू वहिनी स्क्रू ड्रायव्हरने फिरवत होती. उलटा.

‘‘वहिनी, काय करतेस?’’

ती दचकली नाही. ‘‘ढिला करतंय.’’

‘‘कशाला?’’

‘‘घट करूक.’’

 राग आला होता हे खरं. इतके रविवार, इतके बिघाड, सगळे हिने केलेले. वहिनीने साडीच्या फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘गाऱ्हाण्याक दुखणा लागता, भावजी. बऱ्या गाडयेसाठी देवाक काय सांगू? सगळा बरा आसा म्हणान?’’

‘‘अगं, मग नुसतं म्हणायचं. काही न मोडता.’’

‘‘म्हणान बघितलंय. गप रवतत. माझ्याकडे अशे बघतत, जशी मी तेंची मस्करी करतंय.’’ परत क्लिपकडे वळत ती म्हणाली, ‘‘तेंका कळता. पाणी खरा गळाक व्हया. मगेच बोलतत.’’

मला ऑफिसातले मित्र आठवले आणि खाली ठेवलेला चहाचा कप आठवला. दादा वाचेबरोबर सगळं हरवून बसला होता, पण खोटं गाऱ्हाणं घालू नये हे त्याने हरवलं नव्हतं. आणि त्याला देवापुढे खोटं पाडायचं नाही म्हणून ही बाई दर आठवड्याला धडधाकट गाडीला खरोखर आजारी पाडत होती. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. माझ्याच्याने तेवढंच झालं.

तेव्हापासून शनिवारी मीच फोन करून विचारू लागलो, ‘‘उद्या काय मोडायचं?’’ वहिनी विचार करून ठरवायची. मागच्या आठवड्यात मोडलेलं परत नको, दादाला संशय येईल. दिवे झाले, वायपर झाले, दाराची कडी झाली. ‘‘ब्रेकाक हात लावूचो नाय आणि स्टिअरिंगाक लावूचो नाय,’’ एवढा तिचा कायदा होता. आवारातले लोक म्हणत, काय ही भंगार गाडी बाळगलीय, आणि वहिनी वर म्हणायची, ‘‘होय ना, जीव खाता नुसती.’’ चांगल्या गाडीची बदनामी तिने इतक्या प्रेमाने केली, की शेवटी माझ्या बायकोलाही ती गाडी खरंच खटारा वाटू लागली होती.

दादाला दुसरा शब्द कधी आला नाही. वहिनीला चहाला हाक मारता आली नाही त्याला, की तिचं नाव घेता आलं नाही. पण रविवारी तो बोलायचा. वहिनी त्या गाऱ्हाण्यात हळूहळू घरातलंही मिसळू लागली. मुलीला नाशिकला सुखात ठेव, म्हाराजा. ह्यांच्या पायात बळ दे, म्हाराजा. ह्यांच्या मनात जा काय आसा, ता माका कळात असा कर रे म्हाराजा. दादा प्रत्येकाला व्हय म्हणायचा. त्या शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज फुटायचा. नवराबायकोचं बोलणं म्हणून जे काही असतं, ते त्यांचं तेवढंच राहिलं होतं, उघड्या बॉनेटसमोर, चारचौघांत.

तो गेला तेव्हा झोपेत गेला. बारावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या रविवारी मी न बोलावता गेलो. वहिनी खाली होती, पण एकटी. ताट आणलं नव्हतं. तिने गाडीची एकूण एक क्लिप आवळली. जे जे तिने आजवर सैल केलं होतं ते सगळं तिला ठाऊक होतं, कुठे किती ते. नवीन नळ्या घातल्या, दारांच्या रबराला खोबरेल लावलं, हॉर्नची वायर पक्की केली. उन्हं वर चढेपर्यंत हे चाललं होतं. मग बॉनेट बंद करून ती म्हणाली, ‘‘आता बिघडूची नाय.’’

आणि खरंच ती गाडी पुन्हा बिघडली नाही.

गाऱ्हाणं न घालता वहिनीने गाडी दुरुस्त केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, ‘‘वहिनी, घाल गं गाऱ्हाणं. मी म्हणतो व्हय म्हाराजा.’’

ती गाडीला टेकून उभी होती. ‘‘तुमी म्हणशात,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुमका बोलूक येता, भावजी.’’

 आम्ही आरेतून चक्कर मारून आलो. पुढची सीट रिकामी असूनही ती मागेच बसली. पुढेही, मी तिला कुठे नेलं तर ती मागे बसे आणि पुढच्या सीटचा पट्टा लावून ठेवी. मोकळा पट्टा वाजतो म्हणून, असं कारण सांगायची.

ती त्यानंतर फार राहिली नाही. पोटात दुखत होतं आणि बरेच दिवस दुखत असणार, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. उशीर झाला होता. जिने गाडीत नसलेली दुखणी दर आठवड्याला निर्माण केली, तिने स्वतःचं असलेलं दुखणं कुणाच्या कानावर घातलं नाही. मुलीला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. मला याचा राग आला होता आणि अजून येतो. इस्पितळात मी तिच्यावर ओरडलोही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हस चालू करतास मां आठवड्यान एकदा? बॅटरी बसतली नायतर.’’ तिची नखं तेव्हा पहिल्यांदा मला स्वच्छ दिसली. पांढरीफटक. ती तशी बघवत नव्हती.

वहिनी गेल्यावर मी दर रविवारी जाऊन गाडी चालू करत राहिलो. मग पुतणीने नाशिकहून फोन केला. घर भाड्याने द्यायचं ठरलंय, गाडी तिथे किती दिवस ठेवणार, एक गिऱ्हाईक आहे, सोमवारी येऊन घेऊन जाईल. तिचं काही चुकत नव्हतं. मी बरं म्हणालो.

शेवटच्या रविवारी मी गेलो तेव्हा म्हस धुऊन पुसून उभी होती. रामसेवकने धुतली होती. मी वर जाऊन घर उघडलं, स्वयंपाकघरातून ते ताट आणलं आणि दादाचा स्क्रू ड्रायव्हर आणला. बॉनेट उघडलं. वहिनीने आवळलेली एकही गोष्ट हललेली नव्हती. एका आवाजात इंजिन चालू झालं आणि मी ते बंद केलं. जाताना तिला गाऱ्हाण्याशिवाय पाठवायचं माझ्या मनाला पटेना. पण गाडी तर ठणठणीत होती, आणि खोटं गाऱ्हाणं आमच्यात घालत नाहीत.

म्हणून मी त्या नळीच्या क्लिपवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. अर्धा आटा सैल केला असता तरी भागलं असतं. हात तिथेच राहिला. दुखण्यासाठी काही मोडायची मला काय गरज होती? मी स्क्रू ड्रायव्हर ताटात ठेवला, मिठाच्या जागी, आणि डोक्यावर रुमाल टाकला. माझी मालवणी मोडकीतोडकी, आवाजही दादासारखा नाही.

‘‘बा देवा रवळनाथा म्हाराजा,’’ मी म्हणालो, ‘‘आमची वैनी गेली रे म्हाराजा...’’

आवारात कुणी नव्हतं. इस्त्रीवाल्याची टपरी बंद होती. पुढचं वाक्य मला येईना. मी तसाच हात जोडून उभा राहिलो.

मग फाटकाजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रामसेवक उठून उभा राहिला होता. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि हात जोडले.

‘‘व्हय म्हाराजा,’’ तो म्हणाला.